देह ही देवाची ठेव
(संत इग्नाती लोयोला यांच्या दिनचर्येविषयीं एक ऐतिहासिक निबंध)



महोत्सव म्हटला कीं वर्षांची मोजदाद आलीच. मंदिराचा पाया केव्हां घातला गेला, कोणकोणते धर्मगुरु येथें सेवा करून गेले, किती पिढ्यांचा स्नानसंस्कार ह्याच कुंडापाशीं झाला, ह्या गोष्टी अशा प्रसंगीं आठवाव्या हें योग्यच आहे. परंतु महोत्सवाच्या वर्षाची आज्ञा पवित्र शास्त्रांत जेथें आढळते, त्या लेवीय पुस्तकाच्या २५ व्या अध्यायांत उत्सवाच्या थाटामाटाविषयीं कांहीं सांगितलेलें नाहीं. तेथें सांगितलें आहे तें असें कीं, पन्नासाव्या वर्षीं शिंग फुंकून देशांत मुक्ति जाहीर करावी, दास झालेल्यांनीं आपापल्या कुळांत परत जावें, विकलेली जमीन मूळ कुळास परत मिळावी, आणि त्या वर्षीं पेरणी करूं नये. जमिनीला विसांवा मिळावा. कारण जमीन परमेश्वराची आहे; मनुष्य तिच्यावर केवळ उपरी आहे.

जी गोष्ट जमिनीची तीच देहाची. हा देह आपण आपलाच समजून वापरतों. कोणी त्याचे अतोनात लाड करतो, कोणी त्याला कामाच्या घाण्याला जुंपून झिजवितो, तर कोणी व्यसनाच्या हवालीं करतो. तो आपल्याकडे सोंपविलेली ठेव आहे व एके दिवशीं धन्याला तिचा हिशेब द्यावयाचा आहे, हें मात्र क्वचितच ध्यानांत येतें. एका महान् संताला हें सत्य फार मोठी किंमत देऊन कळलें. तें कळल्यावर त्यानें आपल्या अनुयायांना तीन साधे धडे घालून दिले: आहारविहारांत माप, अंतःकरणांत कृतज्ञता आणि दररोज एक लहानसा संकल्प. त्या संताची, म्हणजे येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाती लोयोला यांची, ही कथा महोत्सवाच्या निमित्तानें आपणांपुढें ठेवीत आहें.

तोफेचा गोळा

इग्नातीचें मूळ नांव इनिगो. स्पेनच्या उत्तरेस बास्क प्रांतांत आस्पेइतिया गांवाजवळ लोयोला नांवाची त्याच्या घराण्याची गढी होती. तेथें १४९१ सालीं त्याचा जन्म झाला. तरुणपणीं दरबारी रुबाब, शस्त्रांचा शौक आणि कीर्तीची हांव ह्यांखेरीज त्याला दुसरें कांहीं सुचत नसे. २० मे १५२१ रोजीं पाम्प्लोनाच्या किल्ल्यांत फ्रेंचांशीं लढतांना तोफेच्या गोळ्यानें त्याच्या उजव्या पायाचें हाड मोडलें; दुसऱ्या पायालाहि इजा झाली. विजयी फ्रेंचांनीं त्याला सौजन्यानें वागवून डोलींतून घरीं पोंचविलें. हाड वेडेंवांकडें सांधलें गेल्यामुळें तें पुन्हां मोडून बसवावें लागलें. तरीहि गुडघ्याखालीं हाडाचें एक टोंक वर राहिलें. चापून चोपून बसणारे बूट घालतां यावे एवढ्याच हौसेपायीं इनिगोनें तें हाड कापवून घेतलें, आणि त्या असह्य वेदना तोंडांतून शब्द न काढतां सोसल्या.

वाचकहो, हा मनुष्य पुढें संत झाला म्हणून ह्या गोष्टीवरून लगबगीनें पुढें जाऊं नका. देहाला यातना देण्याचें धैर्य त्याच्या अंगीं पूर्वींपासूनच होतें. बुटांच्या शोभेसाठीं जो हाड कापवून घेतो तो उद्यां देवासाठीं उपाशी मरावयासहि तयार होईल. धैर्याची उणीव त्याला कधींच नव्हती. उणीव होती ती मापाची.

अंथरुणावर पडून असतां वाचावयास शौर्यकथा मिळाल्या नाहींत. घरांत होतीं तीं दोन पुस्तकें, एक ख्रिस्तचरित्र व दुसरें संतचरित्रांचा संग्रह. तीं वाचतां वाचतां त्याचें मन पालटलें. १५२२ च्या मार्च महिन्यांत माँसेराटच्या डोंगरावरील पवित्र मरियेच्या मंदिरांत त्यानें रात्रभर जागरण केलें, तरवार तेथेंच ठेविली, अंगावरचीं उंची वस्त्रें एका भिकाऱ्याला दिलीं व गोणपाटाचा अंगरखा घालून तो जवळच्या मान्रेसा गांवीं गेला.

मान्रेसा येथील अतिरेक

मान्रेसा येथें तो सुमारें दहा महिने राहिला. ह्या काळांत त्याला ईश्वरी प्रकाशाचे जे अनुभव आले त्यांतूनच पुढें ‘आध्यात्मिक साधना’ हा त्याचा ग्रंथ निपजला. परंतु ह्याच काळांत त्यानें आपल्या देहाची जी दैना केली तीहि ध्यानांत घेण्यासारखी आहे. पूर्वीं केसांचा फार अभिमान होता म्हणून त्यानें ते विंचरणें व कापणें सोडून दिलें. नखेंहि वाढूं दिलीं. दारोदार भीक मागून तो पोट भरी. मांस त्यानें वर्ज्य केलें. द्राक्षारस, कोणी दिला तर, केवळ रविवारीं थोडा घेई. दररोज सात तास गुडघ्यांवर प्रार्थना चाले. तरीहि जुन्या पापांच्या शंकांनीं त्याचें मन पोखरलें, तेव्हां परमेश्वर शांति देईपर्यंत अन्नपाण्याला शिवावयाचें नाहीं असा त्यानें निश्चय केला व एका रविवारपासून दुसऱ्या रविवारपर्यंत कडकडीत उपास केला. शेवटीं पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनीं उपास सोडण्याची आज्ञा केली, म्हणूनच तो थांबला.

परिणाम व्हावयाचा तोच झाला. त्याला तीव्र तापाचें दुखणें आलें. हिंवाळ्यांत तर तो मरणाच्या दारीं पोंचला. गांवांतील भल्या स्त्रियांनीं रात्रीचा दिवस करून त्याची शुश्रूषा केली आणि जाड्याभरड्या कापडाचे दोन तपकिरी अंगरखे, पायांत जोडे व डोक्याला टोपी घालावयास त्याला भाग पाडलें. संताचे प्राण वांचले ते शेजारणींच्या मायेमुळें, हें विसरूं नये. त्या स्त्रियांनीं त्याला ऊब दिली, आणि देहाची काळजी घेणें ही देखील ख्रिस्ती प्रीतीचीच सेवा आहे हें त्याला कृतीनें दाखविलें.

येथूनच त्याच्या ठायीं विवेक जागा होऊं लागला. रात्रीं निजावयास जातांना त्याला मोठमोठे आध्यात्मिक विचार सुचत व त्यांत ठरविलेल्या झोंपेचा बराच वेळ निघून जाई. त्यानें मनाशीं विचार केला: सबंध दिवस तर मी देवासाठींच ठेविला आहे; मग हें समाधान नेमकें झोंपेच्या वेळींच कां यावें? हें खरोखर देवाकडून येत असेल काय? असा संशय येतांच त्यानें ते विचार बाजूला सारले व तो स्वस्थपणें झोंपूं लागला. हळूहळू मांस न खाण्याचा हट्टहि सुटला. केंस व नखें तो पुन्हां कापूं लागला. जें दिसावयास धार्मिक असतें तें सर्वच देवाकडचें नसतें, हा धडा त्याला झोंपेंतून मिळाला ही मोठी नवलाची गोष्ट आहे.

भाकर व पाणी मिळेल तोंपर्यंत

यरुशलेमची यात्रा करून परतल्यावर १५२४ मध्यें, वयाच्या तेहतिसाव्या वर्षीं, इनिगो बार्सेलोना येथें लॅटिन शिकावयास बसला. सैनिकाची जीभ, प्रौढपणाची स्मरणशक्ति आणि पाठ करावयाचे ते व्याकरणाचे रूक्ष नियम! पाठांतरास बसला कीं त्याला पुन्हां भक्तीच्या गोड कल्पना सुचूं लागत. आणि प्रार्थनेस किंवा मिस्साबलीस उभा राहिला असतां त्या मुळींच सुचत नसत. हा तोच जुना फसवा पाहुणा आहे हें त्यानें ओळखलें. मग तो आपले शिक्षक आर्देवोल यांना सांता मारिया देल मार ह्या मंदिरांत घेऊन गेला, सर्व हकीकत त्यांना सांगितली, आणि बार्सेलोना शहरांत भाकर व पाणी मिळत आहे तोंपर्यंत हीं दोन वर्षें आपला एकहि पाठ चुकविणार नाहीं असें त्यानें त्यांना वचन दिलें. त्यानंतर त्या गोड कल्पनांचा उपद्रव थांबला.

ह्या संकल्पाचें स्वरूप पहा. ‘मी महान् होईन’ असें त्यांत नाहीं. त्यांत काम ठरलेलें आहे, मुदत ठरलेली आहे आणि साक्षीदार ठरलेला आहे. अढळ संकल्प कसा असावा ह्याचा हा उत्तम नमुना होय. ह्याच वाटेनें हा प्रौढ विद्यार्थी पुढें पॅरिसच्या विद्यापीठाची पदवी मिळवूं शकला. तेथेंच पीटर फाबर व फ्रान्सिस झेवियर हे सोबती त्याला लाभले, व १५ ऑगस्ट १५३४ रोजीं माँमार्त्रच्या टेकडीवर सात मित्रांनीं मिळून व्रत घेतलें. सहा वर्षांनीं, २७ सप्टेंबर १५४० रोजीं, पोप तिसरे पौल यांनीं येशूसंघास मान्यता दिली.

आजारी संताचें शहाणपण

येथून पुढें आपण त्यांना आदरानें इग्नाती म्हणूं या. पॅरिसमध्यें त्यांच्या पोटांत दर पंधरवड्यास असह्य कळा येऊं लागल्या. कळ तासभर टिके व अंगांत ताप भरे. एकदां तर ती सोळासतरा तास थांबली नाहीं. वैद्यांनीं हात टेंकले व जन्मभूमीची हवा हाच एक उपाय उरला आहे असें सांगितलें. म्हणून १५३५ मध्यें त्यांना मायदेशीं जावें लागलें. पुढें रोममध्येंहि हें दुखणें त्यांच्या पाठीस लागलेलेंच राहिलें. एका तरुण वैद्यानें तर ऐन उन्हाळ्यांत खोलीचीं दारें-खिडक्या बंद करून, पांघरुणें घालून व उष्ण उपचार करून त्यांना मरणाच्या दारीं नेलें. इग्नातींनीं तक्रार केली नाहीं. शेवटीं आलेक्सांद्रो पेत्रोनी ह्या अनुभवी वैद्यानें खिडक्या उघडवून थंड उपचार केले तेव्हां त्यांचा जीव वांचला. ३१ जुलै १५५६ रोजीं ते वारले. त्यानंतर रेआल्दो कोलोंबो ह्या नामांकित शरीरशास्त्रज्ञानें त्यांच्या देहाची तपासणी केली, तेव्हां आंत निरनिराळ्या रंगांचे पुष्कळ खडे निघाले. एवढीं वर्षें ज्याला पोटदुखी म्हणत होते ती वास्तविक खड्यांची व्याधि होती.

मान्रेसा येथील उपासांमुळेंच ती जडली असें छातीठोकपणें म्हणतां येणार नाहीं. परंतु त्या अतिरेकानें आपल्या प्रकृतीचा कायमचा नाश झाला असें स्वतः इग्नातींना वाटत असे, आणि ह्या जाणिवेनेंच त्यांनीं दुसऱ्यांना सावध केलें. रेहादेल नांवाच्या धर्मभगिनीस १५३६ मध्यें लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं, निरोगी शरीरानें तिच्या हातून पुष्कळ कार्य होईल पण आजारी शरीरानें काय होईल तें आपणांस ठाऊक नाहीं, अशा अर्थाचा उपदेश केला. गांदियाचे ड्यूक, पुढें संत झालेले फ्रान्सिस बोर्जा, हे पत्नीच्या मृत्यूनंतर कठोर तप करूं लागले होते. त्यांना २० सप्टेंबर १५४८ च्या पत्रांत इग्नातींनीं प्रार्थनेचे तास निम्म्यानें कमी करावयास, पोटाला पुरेसें अन्न द्यावयास आणि रक्त निघेल असें देहदंडन सोडावयास सांगितलें. त्यांचें कारण एकच होतें: आत्मा जसा निर्माणकर्त्याचा तसाच देहहि त्याचाच आहे व दोहोंचा हिशेब त्यालाच द्यावयाचा आहे. तोफेचा गोळा खाल्लेल्या ह्या सैनिकानें आपल्या संघाच्या घटनेंत देहदंडनाचे ठराविक नियम मुद्दामच घातले नाहींत. उलट शरीराचें आरोग्य सांभाळण्याविषयीं स्वतंत्र प्रकरण घातलें. १५५५ च्या सुमारास, संघाची द्रव्याची तंगी असतांहि, रोममधील विद्यार्थ्यांना मोकळी हवा मिळावी म्हणून त्यांनीं शहरांत एक मळा विकत घेतला.

ताटापाशीं ख्रिस्त

‘आध्यात्मिक साधना’ ह्या ग्रंथांत आहाराविषयीं आठ नियम आहेत. जेवणासारखा विषय साधनेच्या ग्रंथांत पाहून कोणास आश्चर्य वाटेल. पण मनुष्य दिवसांतून तीन वेळां कोठें बसतो, तर ताटावर! तेथेंच जर देवाचा विसर पडला तर एरवीं आठवण कशी राहणार?

त्या नियमांचा सारांश असा. भाकरीविषयीं फार काटकसर करण्याची गरज नाहीं, कारण तिचा मोह सहसा अनावर होत नाहीं. पिण्याविषयीं मात्र अधिक सावध असावें. पक्वान्नांविषयीं सर्वांत जपावें. एक तर साध्या अन्नाची संवय करावी किंवा पक्वान्न थोडेंच घ्यावें. आपलें योग्य माप कोणतें हें कळण्यासाठीं थोडें थोडें कमी करून पहावें. परंतु देह अशक्त होऊं लागला तर पुन्हां वाढवावें. जेवतांना प्रभु येशू आपल्या शिष्यांसह ताटावर बसला आहे अशी कल्पना करावी, व तो कसा खातो, कसा पाहतो, कसा बोलतो हें मनांत आणून त्याचें अनुकरण करावें. मन संतचरित्रांत किंवा सद्विचारांत गुंतवावें. अधाशासारखें व घाईघाईनें खाऊं नये. आणि पुढच्या जेवणाचें माप, भूक नसेल अशा वेळीं, म्हणजे जेवण झाल्यावर, ठरवून ठेवावें; भूक लागल्यावर ठरवूं गेल्यास पोटच न्यायाधीश होऊन बसतें.

शेवटचा नियम वाचून प्रापंचिक मनुष्य हंसल्यावांचून राहणार नाहीं, इतका तो खरा आहे. आणि दुसऱ्या नियमापुढें आपल्यांपैकीं पुष्कळांची मान खालीं जाईल. आपल्या लग्नांत, सणांत व बारशांत दारूचा पेला किती सहजपणें फिरतो, आणि त्या पेल्यापायीं किती घरांतील मुलांचें दूध व शाळेचे पैसे वाहून गेले, हें कोणास ठाऊक नाहीं? आज मधुमेह व रक्तदाब हे शब्दहि घरोघर ओळखीचे झाले आहेत. ताटापाशीं हातांत मोबाईल असतो. समोर माणसें असतात, पण मन तेथें नसतें. पहाटे उठून बागेला पाणी देणाऱ्या आपल्या वाडवडिलांना जें श्रमानें सहज मिळत असे तें आरोग्य आतां विचारपूर्वक जपावें लागणार आहे.

आधीं उपकार, मग अपराध

इग्नातींनीं शिकविलेल्या दैनिक आत्मपरीक्षणाचीं पांच अंगें आहेत. पहिलें, मिळालेल्या उपकारांबद्दल परमेश्वराचे आभार मानणें. दुसरें, आपले दोष ओळखण्याची कृपा मागणें. तिसरें, उठल्यापासून आतांपर्यंतचा तासातासाचा हिशेब घेणें. आधीं विचार, मग शब्द, मग कृति. चवथें, क्षमा मागणें. पांचवें, सुधारणेचा निश्चय करणें.

येथें क्रमाला महत्त्व आहे. आपण आत्मपरीक्षण म्हणजे पापांची उजळणी समजतों व कंटाळतों. इग्नातींनीं अपराधांच्या आधीं उपकार ठेविले. मान्रेसा येथें ह्याच मनुष्याला जुन्या पापांच्या शंकांनीं आत्मघाताच्या विचारांपर्यंत नेलें होतें, हें आठवलें म्हणजे ह्या क्रमाचें मर्म कळतें. दिव्याशिवाय अंधाऱ्या खोलींत कचरा शोधूं जाणारा ठेंचाळतो. कृतज्ञता हा तो दिवा आहे. १८ मार्च १५४२ रोजीं सिमांव रोद्रिगेस ह्या आपल्या पोर्तुगालमधील सोबत्यास लिहितांना इग्नातींनीं कृतघ्नता ही सर्व पापांचें मूळ व सर्वांत तिरस्करणीय गोष्ट आहे असा अभिप्राय दिला. ज्याला मिळालेलें दिसतच नाहीं, तो आणखी ओरबाडूं लागतो. आणि ओरबाडणें हीच बहुतेक पापांची सुरुवात असते.

भिंतीवरच्या रेघा

आतां तिसरा धडा. आत्मपरीक्षणाबरोबरच इग्नातींनीं ‘विशेष परीक्षण’ सांगितलें आहे. सर्व दोष एकदम जिंकूं म्हणणारा एकहि जिंकत नाहीं. म्हणून एकच दोष निवडावा. सकाळीं उठतांच त्याविषयीं जपण्याचा निश्चय करावा. दुपारच्या जेवणानंतर व रात्रीच्या जेवणानंतर, तो किती वेळां घडला हें तासातासानें आठवावें. प्रत्येक दिवसासाठीं कागदावर दोन रेघा ओढून, घडलेल्या चुकांचे ठिपके पहिल्या खेपेस वरच्या व दुसऱ्या खेपेस खालच्या रेघेवर द्यावे. मग खालची रेघ वरचीशीं, आजचा दिवस कालच्याशीं आणि हा आठवडा मागल्या आठवड्याशीं ताडून पहावा. ग्रंथांतील आकृतींत पहिली रेघ लांब आहे व पुढच्या रेघा आंखूड होत जातात. जणु दोष कमी होत जाणार ही आशाच तेथें काढून दाखविली आहे. चूक घडतांच हात छातीवर ठेवून मनांत खेद करावा; चार माणसांत असतांहि हें कोणास न कळतां करतां येतें.

आपल्या आज्या भिंतीवर दुधाच्या मापांच्या रेघा ओढीत व महिन्याच्या अखेरीस गवळ्याशीं चोख हिशेब करीत. विशेष परीक्षण हें ह्याहून कठीण नाहीं. इग्नातींचे सोबती लाइनेझ यांनीं १५४७ मध्यें नमूद केलें आहे कीं, आपले गुरु अजूनहि दिवसाशीं दिवस व आठवड्याशीं आठवडा ताडून पाहतात. संघाचा मुख्य झाल्यावरहि हा मनुष्य आपल्या रेघा ओढीतच होता.

आपल्या किनाऱ्यावर

ही साधना आपल्याकडे पुस्तकांतून नव्हे, माणसांच्या संवयींतून आली. इग्नातींचे पॅरिसमधील सोबती फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजीं गोव्यास उतरले व हातांत घंटा घेऊन रस्त्यारस्त्यांतून मुलांना धर्मशिक्षणासाठीं हांका मारूं लागले. १५४९ मध्यें ओर्मुझला निघालेल्या गास्पार बार्झेउस ह्या धर्मगुरूस दिलेल्या सूचनांत त्यांनीं दररोजचें आत्मपरीक्षण न चुकविण्याविषयीं बजाविलें. ह्याच साधनेंत वाढलेले इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्यें गोव्यास आले. परक्या मुलखांतील भाषा नेटानें आत्मसात करून त्यांनीं दहा हजारांहून अधिक ओंव्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ मराठींत रचिलें. तें १६१६ मध्यें प्रसिद्ध झालें. एवढ्या ओंव्या एका रात्रींत होत नाहींत. रोजच्या नेमाचेंच तें फळ आहे.

आणि वसई? तेथील किल्ल्यांत येशूसंघाच्या मंदिराचे अवशेष आजहि उभे आहेत. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांचें बाळपण येशूसंघीयांच्या छायेंत गेलें व त्यांच्याबरोबरच ते जपानला गेले. पुढें व्यापारांत जम बसला असतांहि तो सोडून त्यांनीं मनिला येथें संत फ्रान्सिसच्या संघांत साधे धर्मबंधु म्हणून प्रवेश केला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें क्रूसावर हौतात्म्य पत्करलें. ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस यांनीं त्यांना संतपद दिलें. हौतात्म्याचा क्षण एकच असतो. परंतु त्या क्षणीं न डगमगण्याचें बळ हजारों साध्या दिवसांत सांठत असतें.

एक शंका

कोणी विचारील, ‘देहाची एवढी चिंता करावी तर प्रायश्चित्तकाळाचे उपास कशाला? स्वतःला क्रूसावर खिळावयास सांगणाऱ्या धर्मांत आरोग्याचा उपदेश कशासाठीं?’ शंका रास्त आहे. इग्नातींनीं उपास मोडले नाहींत. त्यांनीं त्यांना माप घालून दिलें. उपास म्हणजे देहाचा द्वेष नव्हे. माळी वेलीची छाटणी करतो ती वेलीवर राग असतो म्हणून नव्हे. आणि दुसऱ्या बाजूनेंहि सांगावयास हवें कीं, आरोग्य हें ख्रिस्ती मनुष्याचें अंतिम ध्येय नव्हे. ‘साधने’च्या आरंभींच इग्नातींनीं शिकविलें आहे कीं, आरोग्य असो वा आजार, दीर्घायुष्य असो वा अल्पायुष्य, ज्यानें देवाची सेवा अधिक घडेल तेंच आपण पसंत करावें. म्हणून अंथरुणाला खिळलेल्या आजोबांनीं किंवा जन्मतः दुर्बल असलेल्या बहिणीनें, आपणांकडून ही ठेव सांभाळली गेली नाहीं असें मानून खिन्न होऊं नये. स्वतः इग्नातीच आयुष्यभर रुग्ण होते. धनी पाहील तें ठेवीचें मोल नव्हे, आपण ती कशी सांभाळली तें.

महोत्सवाचा संकल्प

बंधुभगिनींनो, ह्या महोत्सवानिमित्त मंदिराला रंग लागेल, रोषणाई होईल, वाद्यें वाजतील. तें सर्व शोभणारेंच आहे. परंतु दिवे मालवल्यावर काय उरावें? माझी नम्र सूचना आहे कीं, प्रत्येक घरानें तीन लहान गोष्टी हातीं घ्याव्या. जेवणाच्या वेळीं सर्वांनीं एकत्र बसावें, आशीर्वाद मागावा, आणि तेवढा वेळ तरी यंत्रें दूर ठेवावीं. रात्रीं तेर्स म्हणून झाल्यावर प्रत्येकानें त्या दिवशीं मिळालेल्या एका उपकाराचें नांव घेऊन देवाचे आभार मानावे. लहान मुलानें देखील. आणि प्रत्येकानें, कोणास न सांगतां, एकच दोष निवडून त्याच्या रेघा ओढाव्या. कोणाचा तो पेला असेल, कोणाचा राग, कोणाचा आळस, कोणाची अपरात्रींची जागरणें. ठिपके पुष्कळ पडले तरी खचूं नये. ठिपका पडला हें दिसलें, हीच पहिली कृपा आहे.

महोत्सवाच्या वर्षीं दास घरीं परत जात असत. एखाद्या संवयीचा दास झालेला आपला एक भाऊ जरी ह्या वर्षीं स्वतःच्या घरीं, शुद्धीवर, मुलाबाळांत परत आला, तरी ह्या मंदिराच्या घंटेनें शिंगाचें काम केलें असें होईल.

ज्या परमेश्वरानें हा देह, हीं वर्षें आणि हें पवित्र स्थान आपणांस ठेव म्हणून दिलें, तो आपणां सर्वांना तें प्रीतीनें सांभाळण्याची व वेळ येईल तेव्हां आनंदानें परत करण्याची कृपा देवो. संत इग्नाती, संत फ्रान्सिस झेवियर व संत गोन्सालो गार्सिया आम्हांसाठीं विनंती करोत. आमेन.